उत्तरभाग कोणी लिहावा?

गायक गेल्यावर त्याच्या अपुऱ्या राहिलेल्या गाण्याचे काय करावे, हा प्रश्न वरवर पाहता गाण्याबजावण्याच्या धंद्यातला दिसतो. परंतु तो तितका क्षुल्लक नाही. मृताची इच्छा, जिवंतांचे कर्तव्य आणि श्रोत्यांची हौस या तिहींचा झगडा त्यात आहे, आणि सध्या या झगड्यात हौसेची सरशी होत आहे, असे आम्हांस दिसते. दिवंगत गायकांच्या आवाजात यंत्राने रचलेली, त्यांनी हयातीत कधीही न गायिलेली गाणी आज घरोघरच्या मोबाइलवर वाजत आहेत. आमच्या बिद्रीसारख्या, उसाच्या फडांनी वेढलेल्या गावीही ती येऊन पोहोचली असून जुनी जाणती माणसेदेखील ती कौतुकाने एकमेकांस ऐकवितात. कोणी हरकत घेतलीच, तर शिकल्यासवरल्या मंडळींकडून एक ठरीव उत्तर मिळते. ‘यात नवे ते काय? क्वीन या इंग्रजी वाद्यवृंदाने आपला गायक वारल्यावर चार वर्षांनी त्याच्या आवाजात अखेरचा अल्बम काढलाच की नाही? त्यास जग नावाजते. मग आम्हांसच का हटकता?’

हे उत्तर चुकीचे आहे. इतकेच नव्हे, तर ज्या उदाहरणावर ते उभे आहे तेच उदाहरण त्याचा पुरता निकाल लावते, असे आमचे म्हणणे आहे. परंतु त्यासाठी ते उदाहरण नीट ठाऊक असले पाहिजे. नाव घेणारे पुष्कळ आहेत. तो अल्बम कसा तयार झाला याची विचारपूस करणारे मात्र थोडे.

या वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी. नाव परके वाटले, तरी माणूस आपणांस अगदीच परका नव्हे. त्याचे मूळ नाव फारुख बलसारा. पारशी कुटुंबातील हा मुलगा 5 सप्टेंबर 1946 रोजी झांझिबार येथे जन्मला आणि शिक्षणासाठी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत येऊन राहिला. शाळेत असताना त्याने पियानोचे धडे गिरविले, आणि ‘द हेक्टिक्स’ नावाचा आपला पहिला वाद्यवृंदही शाळासोबत्यांसह तेथेच उभा केला. आमच्या दूधगंगा-वेदगंगांचे पाणी अखेर ज्या कृष्णेस जाऊन मिळते, तिच्याच खोऱ्याच्या माथ्यावर या गळ्याची पहिली मशागत झाली, हे सांगताना आम्हांस संकोच वाटत नाही. झांझिबारातील 1964 च्या राज्यक्रांतीनंतर हे कुटुंब इंग्लंडास गेले. पुढे 1970 साली गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर यांच्यासह त्याने ‘क्वीन’ हा वृंद स्थापिला, आणि 1971 साली जॉन डीकन हा बासगिटार वाजविणारा त्यांस येऊन मिळाला. तेव्हापासून वीस वर्षे हे चौघे एकत्र राहिले, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढच्या सर्व विवेचनाचा पाया तीच आहे.

मर्क्युरीस एड्सने ग्रासले होते. लंडनची वृत्तपत्रे त्याच्या दारावर टपून बसलेली. म्हणून अखेरच्या वर्षी त्याने स्वित्झर्लंडमधील मॉन्त्रो या सरोवराकाठच्या शांत गावाचा आश्रय केला. तेथील ‘माउंटन’ हे ध्वनिमुद्रणगृह 1979 पासून क्वीनच्याच मालकीचे होते. ‘इन्युएन्डो’ हा त्याच्या हयातीत निघालेला शेवटचा अल्बम फेब्रुवारी 1991 मध्ये बाहेर पडला. एखादा म्हणाला असता की झाले ते पुष्कळ झाले, आता देह विश्रांतीस सोडावा. याने तसे केले नाही. अंगी त्राण असेल तेव्हा तो मॉन्त्रोस येई आणि गाई. मला काहीही लिहून द्या, मी ते गाऊन ठेवितो, बाकीचे तुम्ही मागाहून पुरे करा, या आशयाचे त्याचे सांगणे होते, असे त्याच्या सोबत्यांनी पुढे वेळोवेळी सांगितले आहे.

सोबत्यांची साक्ष ही हितसंबंधीयांची साक्ष आहे, असे कोणी म्हणेल. ठीक आहे, ती क्षणभर बाजूस ठेवू. परंतु मर्क्युरीची कृती तर कोणास पुसता येत नाही ना? 1991 च्या मे महिन्यात तो ‘मदर लव्ह’ हे गीत गायिला, तेव्हा सोबतीस पुरी वाद्ये नव्हती. ताल धरण्यापुरते एक यंत्र लावलेले होते. मे आणि तो समोरासमोर बसून ओळी रचीत, आणि एकेक ओळ हाती आली की तो ती गाई. जो गायक पुऱ्या साथीची वाट न पाहता नुसत्या यांत्रिक तालावर आपला आवाज ठेवून जातो, तो साथ मागाहून चढणार हे जाणूनच जातो. शेतात बी टाकून मनुष्य मरण पावला, तर पीक उगवून आले ते त्याच्या इच्छेविरुद्ध उगवले, असे कोणी म्हणत नाही. शेवटचे कडवे तेवढे राहिले. थकवा फार आला होता. ते मागाहून गाऊ, असे ठरले. ती वेळ आलीच नाही. 24 नोव्हेंबर 1991 रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, तो लंडन येथे वारला.

राहिलेल्या तिघांनी डेव्हिड रिचर्ड्स या ध्वनिमुद्रकाच्या साहाय्याने हा संग्रह पुरा केला, आणि 6 नोव्हेंबर 1995 रोजी तो ‘मेड इन हेवन’ या नावाने प्रसिद्ध झाला. आता ‘मदर लव्ह’च्या राहिलेल्या कडव्याचे त्यांनी काय केले ते पाहावे. त्या काळीही ध्वनी कापण्याची आणि जोडण्याची साधने कमी नव्हती. मर्क्युरीच्या वीस वर्षांच्या ध्वनिमुद्रणांचा साठा हाताशी होता. त्याच्यासारखा गळा काढणारे नकलाकारही मिळाले असते. यांपैकी काहीही न करता ते कडवे ब्रायन मे यांनी स्वतःच्या आवाजात गायिले. ऐकणारास तो बदल तत्काळ कळतो. एक आवाज थांबतो, दुसरा सुरू होतो; आणि थांबलेला आवाज का थांबला हे न सांगता कळते. ही जी उघडी ठेवलेली जोड आहे, तीत त्या साऱ्या संग्रहाची नीती साठविलेली आहे, असे आम्ही समजतो. हेच उदाहरण पुढे करून जे लोक यांत्रिक आवाजाचे समर्थन करितात, त्यांनी ते कडवे एकवार कान देऊन ऐकावे, एवढीच आमची विनंती आहे. त्यांच्या यंत्राने ते कडवे मर्क्युरीच्याच आवाजात बेमालूम गाऊन दाखविले असते, आणि त्याबरोबर त्या गीतातील सत्य नाहीसे झाले असते.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे वळू. त्यांच्या मते मृताच्या आवाजावर मागाहून वाद्ये चढविणे हा मुळातच प्रेताचा शृंगार होय. अपुरे ते अपुरेच ठेवावे. ही भूमिका सोवळी दिसते, परंतु आपल्याच वाङ्मयाने ती कधी मानलेली नाही. बाणभट्ट ‘कादंबरी’ अर्धीच टाकून निवर्तला. तिचा उत्तरभाग त्याच्या पुत्राने लिहिला. हे काम आपण कवित्वाच्या अभिमानाने हाती घेतलेले नसून, कथा खंडित राहिल्यामुळे सज्जनांस होणारे दुःख पाहून घेतले आहे, असा खुलासाही त्याने आरंभीच केला. पित्याचे कोठे संपले आणि पुत्राचे कोठे सुरू झाले, हे आज बाराशेहून अधिक वर्षांनंतरही प्रत्येक विद्यार्थ्यास सांगता येते. ज्या ग्रंथाच्या नावावरून आम्ही मराठीत एका सबंध वाङ्मयप्रकारास ‘कादंबरी’ म्हणतो, तो ग्रंथच मुळी असा दोन हातांचा आहे. तेव्हा पुरे करणे हे पाप नव्हे. पाप आहे ते सांधा लपविण्यात.

या सोवळ्या पक्षाचा आणखी एक आक्षेप असा की, ध्वनिमुद्रणगृहात तुकडे जोडून सिद्ध होणारे संगीत हे मुळी संगीतच नव्हे. आपल्याकडे बैठकीच्या गाण्यावर पोसलेल्या कानांस तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तबकडी ही गाण्याची सावली म्हणून तुच्छ लेखावी, तर केसरबाई केरकरांची अवघ्या साडेतीन मिनिटांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, ती कशाच्या बळावर? यंत्रावर उतरलेला आवाज खऱ्या गळ्यातून निघालेला होता, एवढ्याच बळावर. यंत्र हे वाहन आहे. त्याने वाहून न्यावे. प्रवासी मात्र खरा असावा.

आमच्या भागातील शेतकऱ्यास एक गोष्ट सांगावी लागत नाही. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की त्याचा उतारा घटतो. म्हणून तोड झाली की तो कारखान्याकडे नेण्याची घाई. मर्क्युरीचा आवाज चार वर्षे पडून राहिला, तो शिळा झाला नाही काय, असे कोणी विचारील. आवाज शिळा होत नाही. शिळी होते ती त्या आवाजाच्या धन्यास काय हवे होते याची आठवण. म्हणूनच पुरे करण्याचा अधिकार त्यांचा, ज्यांनी त्याच्याबरोबर वीस वर्षे काम केले, त्याची मर्जी आणि नामर्जी दोन्ही पाहिल्या, आणि कोणत्या सुरावर तो मान हलवी व कोणत्यावर हात झटकी हे ज्यांस न सांगता ठाऊक होते. हा अधिकार ओळखीचा आहे. तो विकत मिळत नाही आणि यंत्रास शिकविता येत नाही.

येथवर आमचे म्हणणे सोपे होते. परंतु प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा टाळून जाणे हा वादाचा शिष्टाचार नव्हे, म्हणून तोही घेऊ. ‘मेड इन हेवन’मधील सर्वच गीते अखेरच्या दिवसांतील नाहीत. दोन गीते मर्क्युरीच्या 1985 सालच्या स्वतंत्र अल्बममधून उचलून त्यांस नवी साथ चढविली आहे. एकाचा उगम 1980 सालच्या, पियानोवर सहज छेडलेल्या सुरांत आहे. ‘यू डोन्ट फूल मी’ हे गीत तर थोड्याशा गायिलेल्या तुकड्यांवरून रिचर्ड्स यांनी बव्हंशी रचून काढले. यांस मर्क्युरीची संमती होती, असे कोठे आहे? आम्ही प्रांजळपणे म्हणतो की, ‘मदर लव्ह’ आणि ‘अ विंटर्स टेल’ यांस जशी होती, तशी ती यांस दाखविता येत नाही. आणि याच कारणास्तव त्या संग्रहाची ही बाजू लंगडी आहे. ज्या गीतांत त्याची इच्छा स्पष्ट, त्यांत संग्रह उंच चढतो. जेथे ती अंदाजाने घ्यावी लागते, तेथे तो कारागिरीपुरता उरतो. परंतु या लंगड्या बाजूतही एक मर्यादा पाळलेली आहे: जो शब्द मर्क्युरीच्या तोंडून आला नाही, तो त्याच्या तोंडी घातलेला नाही. संमतीचा वाद तेथे शिल्लक राहतो. खोट्या साक्षीचा राहत नाही.

या दोन गोष्टी, संमती आणि सत्यता, निरनिराळ्या आहेत, हे न समजल्यामुळेच सारा घोटाळा होतो. बीटल्स या विख्यात वृंदाचा ‘लेट इट बी’ हा 1970 साली निघालेला अखेरचा अल्बम पाहा. त्यातील पॉल मॅकार्टनी यांच्या एका गीतावर फिल स्पेक्टर या निर्मात्याने तंतुवाद्यांचा ताफा आणि स्त्रियांचे वृंदगान चढविले. मॅकार्टनी हयात होते, हाकेच्या अंतरावर होते. तरी त्यांस विचारले गेले नाही, आणि त्यांचा तो सल पुढे न्यायालयापर्यंत गेला. 2003 साली तो सारा साज उतरवून संग्रह पुन्हा काढावा लागला. तेथे आवाज खरा होता, संमती नव्हती. उलट त्याच वृंदाचे ‘नाऊ अँड देन’ हे 2023 साली निघालेले गीत घ्या. जॉन लेनन यांनी घरी पियानोवर गाऊन ठेवलेल्या एका जुन्या कॅसेटमधून यंत्राने त्यांचा आवाज पियानोपासून निराळा काढला. येथे यंत्राने नवे काही गायिले नाही, जे होते ते स्वच्छ केले. म्हणून सत्यतेस बाध आला नाही. परंतु 1980 साली मारले गेलेल्या लेनन यांनी ते पुरे करा असे कोणास सांगितले नव्हते, म्हणून त्याचे मोल ‘मदर लव्ह’च्या बरोबरीचे आम्ही मानीत नाही.

आणि आता आपल्या देशाकडे या. 2024 साली ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटातील एका गीतात ए. आर. रहमान यांनी बंबा बाक्या आणि शाहूल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज यंत्राकरवी वापरले. त्यांनी कुटुंबियांची परवानगी घेतली, मोबदला दिला आणि हे सर्व उघडपणे सांगितले, हे त्यांच्या सचोटीस शोभणारेच आहे. चोरट्यांच्या पंक्तीस आम्ही त्यांस बसवीत नाही. तथापि जो प्रश्न उरतो तो उरतोच. वारसांची संमती ती गायकाची संमती होय काय? बाप वारला म्हणजे त्याच्या जमिनीस वारसांची नोंद लागते आणि सातबाऱ्यावरचे नाव बदलते. आवाजाचा सातबारा नाही. घर, जमीन, दागिने, फार तर गाण्याच्या विक्रीचे पैसे वारसांकडे जावेत. परंतु त्याने कधीही न उच्चारलेला शब्द त्याच्या गळ्यातून काढविण्याचा हक्क कोणत्या तलाठ्याने कोणाच्या नावे चढवावा? गायक काय गातो यापेक्षाही तो काय गात नाही, यात त्याचे गायकपण असते. नाकारलेली चाल, सोडलेला राग, अर्ध्यावर थांबविलेली तान ही त्याची निवड आहे, आणि निवड वारसाने मिळत नाही.

कोल्हापूरकरांस तरी हे अधिक फोड करून सांगण्याची गरज पडू नये. छत्रपती शाहू महाराजांच्या पदरी असलेले उस्ताद अल्लादिया खाँ या संस्थानात वर्षानुवर्षे गायिले. एक सबंध घराणे त्यांच्यामागे उभे राहिले. 1946 साली ते निवर्तले. त्यांच्या आवाजाची एकही तबकडी बाजारात आली नाही. त्या काळी तबकड्या निघत नव्हत्या असे नव्हे. त्यांच्या शिष्यांच्या निघाल्या. ते स्वतः मात्र तबकडीपासून दूर राहिले. त्यांचा आवाज आपणांस ऐकावयास मिळत नाही याची हळहळ आम्हांसही आहे. परंतु उद्या कोणी शिष्य-प्रशिष्यांच्या ध्वनिमुद्रिका यंत्रात घालून ‘खाँसाहेबांचा आवाज’ काढून दाखविला, तर ती हळहळ भागविण्यासाठी आपण त्यांच्या मौनावर दरोडा घालू काय? ज्या माणसाने आपले गाणे समोर बसलेल्या माणसांपुरतेच ठेविले, त्याचे मौन हेही त्याच्या कलेचेच अंग मानले पाहिजे.

संत एकनाथांनी 1584 साली, म्हणजे शके 1506 मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांच्या हाती केवढे सामर्थ्य होते! ते स्वतः थोर कवी. चार ओव्या आपल्या घातल्या असत्या तर कोणाच्या लक्षातही आले नसते. त्यांनी मागाहून शिरलेले अशुद्ध पाठ काढले, आणि यापुढे या ग्रंथात आपली ओवी कोणी मिसळू नये असा दंडक घालून दिला. स्वच्छ करणे आणि मिसळणे यांतील भेद मराठी माणसास चारशे वर्षांपूर्वीच शिकविला गेलेला आहे. आज यंत्र नवे आले म्हणून तो विसरावा असे काही घडलेले नाही.

कायद्याने यात लक्ष घातलेले नाही असे नव्हे. 1957 च्या आपल्या कॉपीराइट कायद्यास 2012 साली जी दुरुस्ती झाली, तिने गायकवादकांस आपल्या सादरीकरणाची विटंबना झाल्यास हरकत घेण्याचा नैतिक हक्क दिला. मुंबई उच्च न्यायालयाने 2024 साली अरिजित सिंग यांस, आणि 2025 साली आशा भोसले यांस, आवाजाच्या यांत्रिक नकलेविरुद्ध अंतरिम संरक्षण दिले. हे स्वागतार्ह आहे. परंतु ही दोन्ही माणसे न्यायालयात जाऊ शकली. मेलेल्याने कोणाकडे जावे? आणि सादरीकरणाचा हक्क झालेल्या सादरीकरणास लागतो; कधी झालेच नाही त्यास कोणता हक्क लावावयाचा? कायद्याच्या या भगदाडातून जे शिरते आहे, ते अडविण्याचे काम तूर्त श्रोत्यांवरच येऊन पडले आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे. गायकांनी हयातीतच लिहून ठेवावे की, आपल्या मागे आपल्या आवाजाचे काय करावे आणि काय करू नये. ज्यांनी तसे लिहिले नाही, त्यांचे मौन हा नकार समजावा. अपुरे राहिलेले पुरे करावयाचे, तर ते त्यांच्या सोबत्यांनी करावे, आणि आपला हात कोठे लागला हे ऐकणारास कळू द्यावे. आणि घरात बसून गाणे ऐकणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांनी, मृताच्या तोंडी घातलेले यांत्रिक गाणे हाती आले, तर ते कौतुकाने चार ठिकाणी न धाडता तेथेच थांबवावे. ‘आवाज अगदी हुबेहूब आहे हो!’ हे ज्या गाण्याचे सर्वांत मोठे प्रशस्तिपत्र, त्या गाण्यात गायक नाही, एवढे ओळखण्यास संगीतशास्त्राचे ज्ञान लागत नाही. क्वीनच्या तिघांस आपल्या मित्राचा आवाज हुबेहूब ठाऊक होता, कोणाहूनही अधिक ठाऊक होता. आणि तरीही शेवटचे कडवे त्यांनी त्या आवाजात गाऊ दिले नाही.